घरचा साबण किती जुना?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस गावोगावी जी प्रदर्शने भरतात त्यांत आकाशकंदील, भाजणी आणि पणत्या यांच्या शेजारी अलीकडे एक नवे टेबल दिसू लागले आहे. त्यावर घरी केलेल्या साबणाच्या वड्या मांडलेल्या असतात. वडीच्या पाठीवर झेंडूच्या पाकळ्या, पोटात हळद किंवा मुलतानी माती आणि भोवती हातकागदाची पट्टी. हा उद्योग बहुधा घर सांभाळून करणाऱ्या स्त्रियांचा असतो आणि माल चांगला असतो, हे आधीच सांगून टाकतो. पट्टीवरच्या मजकुराविषयी मात्र माझ्या मनात बरेच दिवस खटका होता. तिथे दोन दावे हमखास असतात. एक, हा साबण 'केमिकलमुक्त' आहे; आणि दोन, तो 'आजीच्या काळच्या पद्धतीने' बनवलेला आहे.

माझ्या आजीने जन्मात कधी साबण बनवला नाही. केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचे पीठ, भांड्यांना राख आणि चिंच, कपड्यांना बाजारातून आणलेली वडी, असा तिचा कारभार होता. तिच्या आईच्या घरात तर बाजारची वडीही क्वचितच येत असे. मग ही 'आजीची पद्धत' कोणाच्या आजीची? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा उत्तर फुलांत किंवा तेलात सापडले नाही. ते साबणाच्या तिसऱ्या घटकात सापडले. पट्टीवर ज्याचे नाव सहसा नसते, तो घटक म्हणजे खार.

आधी ही पद्धत काय आहे ते पाहू. तिला 'कोल्ड प्रोसेस' म्हणतात. आपण थंड पद्धत म्हणू. तेल घ्यायचे, कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, दोन्ही कोमट झाले की एकत्र करून घोटायचे. मिश्रण दाटत जाते. पळीतून सोडलेला ओघळ वर तसाच उमटून राहू लागला की ते साच्यात ओतायचे. साधारण एका दिवसात वडी घट्ट होते, पण ती लगेच वापरायची नसते. चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्यायची. या सगळ्यात चूल कुठेही नाही, फार तर थिजलेले खोबरेल वितळवण्यापुरती. उष्णता आतूनच निर्माण होते. कॉस्टिक पाण्यात पडताच पाणी हात लावू नये इतके तापते. म्हणून कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचे नाही. भांडे ॲल्युमिनियमचे चालत नाही, कारण खार त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच.

वजनाचा भाग सर्वांत महत्त्वाचा. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तितक्याच तिळाच्या तेलाला साडेतेराच्या आसपास. थोडे तेल मुद्दाम जास्त ठेवायचे, म्हणजे खार शिल्लक राहत नाही. अर्धा किलो खोबरेलाची माझी पहिली घाणी मी ८७ ग्रॅम कॉस्टिकवर केली. काट्यावर पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले असते तर एक तर कातडी सोलणारी वडी हाती आली असती, नाहीतर तेलकट गोळा. थंड पद्धतीत चूक दुरुस्त करायला जागा नाही. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

त्या पहिल्या घाणीत मी परसातल्या जास्वंदीच्या पाकळ्यांची लगदी घातली होती. अपेक्षा लाल वडीची. लगदी मिश्रणात पडली आणि पाहता पाहता हिरवट झाली, दुसऱ्या दिवशी मातकट, आठवड्याने चहाच्या चोथ्यासारखी. जास्वंद, गोकर्ण, गुलाब यांचे रंग ज्या द्रव्यांचे असतात ती आम्लात लाल आणि खारात निळी-हिरवी होऊन शेवटी मोडतात. झेंडूचा पिवळा रंग वेगळ्या जातीचा, गाजराच्या रंगाच्या नात्यातला. तो खाराला पुरून उरतो. म्हणून प्रदर्शनातल्या वड्यांवर झेंडू दिसतो, जास्वंद दिसत नाही. हळदीचे तर प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. पिवळ्या डागावर साबण चोळला की तो लालभडक होतो. मुरगळलेल्या पायावरचा हळद-चुन्याचा लेप लाल होतो तो याच कारणाने. म्हणजे वडीत खार होता आणि भरपूर होता, याची साक्ष फुलेच देतात. तेल आणि कॉस्टिक यांचा संयोग पूर्ण झाल्यावर मोकळा कॉस्टिक उरत नाही हे खरे. पण त्याच्यावाचून साबण होत नाही हेही तितकेच खरे. 'केमिकलमुक्त' या शब्दाचा निकाल एवढ्यावर लागतो.

आता मूळ प्रश्न. असा तीव्र, दाहक खार आपल्या पूर्वजांना माहीत होता का?

होता, आणि फार आधीपासून होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. मुष्कक वगैरे वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवायची, ते पाणी एकवीस वेळा गाळायचे, आटवायचे. एवढ्याने सौम्य क्षार मिळतो. तो तीव्र करायचा असेल तर त्यात भाजलेले चुनखडे आणि शिंपले घालायचे आणि तयार क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा. रसायनशास्त्राच्या नजरेने यातले प्रत्येक पाऊल बरोबर आहे. राखेतला कार्बोनेट चुन्याच्या संगतीत दाहक होतो. आणि उघडा ठेवला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा सौम्य होतो, म्हणून तोंड बंद. हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांना या प्रकरणाने थक्क केले होते. क्षाराने भाजलेल्या जागेवर आंबट द्रव घालावा, आम्लाशी मिळाला की क्षाराचा तीक्ष्णपणा जातो, हेही सुश्रुताने सांगून ठेवले आहे.

पण हा क्षार मूळव्याध, भगंदर, चिघळलेल्या जखमा यांच्यासाठी होता. त्यात तेल घालून घोटावे आणि त्याने अंग धुवावे, असे संहितेत नाही. दाहक खार हाताशी, तिळाचे तेल घाण्याघाण्यावर. आणि तरी साबण नाही. याला मागासलेपण म्हणणारे लोक आहेत. मला ते उत्तर आळशीपणाचे वाटते. साबणाची गरज मुळात कुठे होती? आपल्याकडे तेल अंगाला लावण्याचा पदार्थ होता. अभ्यंगात तेल जिरवायचे आणि वर राहिलेले उटण्याने पुसून काढायचे. उटण्यातला वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, आवळकाठी, संत्र्याची साल हे सगळे तेल टिपून घेणारे आणि सुगंध मागे ठेवणारे पदार्थ. केसांसाठी रिठा आणि शिकेकाई होती. त्यांच्या फेसाला कारण असणाऱ्या द्रव्यांना आज सॅपोनिन म्हणतात; नाव साबणाच्या लॅटिन नावावरून पडले, पण रिठ्यात तेलाचा नि खाराचा संयोग नसतो. झाडानेच आयता दिलेला तो फेस. जिथे फेस झाडाला लागतो, तिथे कढईत तेल जाळून तो काढायचा कशाला? तेल हे अन्नही होते आणि दिव्याचे इंधनही. साबण म्हणजे खाण्याचे तेल गटारात सोडणे, हा हिशेब कोणत्याही घरातल्या बाईने मनात केला असता.

कपड्यांची गोष्ट निराळी. तिथे खार उघडपणे वापरला जात होता. परीट खारवट माती किंवा सज्जी वापरून भट्टी लावत. खाराच्या पाण्यात कपडे भिजवून वाफेवर ठेवले की मळातले तेल खाराशी जुळते आणि कपड्यातच अल्पस्वल्प साबण तयार होतो. म्हणजे परटाच्या भट्टीत साबण रोज बनत होता. त्याची वडी पाडून कोणी विकत नव्हते, एवढेच.

वडी आली ती शब्दासकट बाहेरून. 'साबण' हा शब्द अरबी-फारसी 'साबून'चा. अरबीत तो ग्रीक-लॅटिनकडून आलेला. पोर्तुगीजांनी साबण आणला अशी एक समजूत ऐकू येते आणि त्यांच्या भाषेतला शब्द जुळताही आहे. पण कबीराच्या दोह्यांत आणि गुरू नानकांच्या जपजीत साबण आहे, आणि त्या दोघांना तो पोर्तुगीजांच्या गलबतांकडून कळण्याचे काही कारण नव्हते. उत्तरेत तो पश्चिम आशियातून खुष्कीने आलेला असणार. दोघेही साबणाचा उल्लेख मळ धुण्याच्या रूपकासाठी करतात, त्या अर्थी ऐकणाऱ्याला तो परिचित असला पाहिजे.

महाराष्ट्रापुरता या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा उल्लेख लोणारचा आहे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे. ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात, असे तो सांगतो; आणि लगेच पुढे, या डोंगरांत काच आणि साबण यांसाठी लागणारे सगळे साहित्य मिळते, असे लिहितो. तीर्थाच्या माहात्म्यानंतर लागलीच साबणाचे साहित्य! मोगल दरबारच्या हिशेबी नजरेला दैत्यसूदनाच्या कथेइतकाच सरोवराच्या काठावरचा खारही दिसत होता.

लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या खळग्यात आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आत येणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते आटत जाते आणि क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर क्षाराची पापडी धरे. ती गोळा करून विकण्याचा व्यवसाय इंग्रजी अमलातही चालू होता. प्रतीनुसार डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी तिची नावे होती. ही नावे ज्या कोणी पाडली त्यांना खाराचे बारकावे माहीत होते, हे उघड आहे. आणि एक गोष्ट नजरेतून सुटू नये. लोणारचा खार सोड्याचा आहे, म्हणजे सोडियमचा. लाकडाच्या राखेतला खार पोटॅशियमचा असतो आणि त्याचा साबण मऊ, लगद्यासारखा होतो. कडक वडी हवी तर सोडियमचाच खार हवा. तो एक तर समुद्रकाठच्या खारट झुडपांच्या राखेत, नाहीतर सज्जीत, नाहीतर लोणारसारख्या सरोवरात. साबणाचे साहित्य म्हणून अबुल फजलने ही जागा निवडली ती उगाच नाही.

पण लोणारच्या खाराने थंड पद्धतीचा साबण झाला नसता. खाणीतला, मातीतला किंवा राखेतला कोणताही खार नेमका किती तीव्र आहे हे आधी सांगता येत नाही. एका हंगामाचा माल दुसऱ्यासारखा नसतो. मग करायचे काय? चुना घालून खाराचे पाणी दाहक करायचे, ते तेलात ओतून उकळत राहायचे, चव आणि चिकटपणा बघत खार कमीजास्त करायचा आणि शेवटी मीठ टाकायचे. मीठ पडले की साबण वर तरंगतो आणि जास्तीचा खार, घाण, ग्लिसरीन खालच्या पाण्यात उतरते. जगातले जुने नावाजलेले साबण याच उकळीतून आले. अलेप्पो, नाब्लुस, कॅस्टील, मार्सेय, सगळीकडे मोठाल्या कढया आणि कित्येक दिवसांच्या भट्ट्या. फ्रान्समध्ये १६८८ साली राजाज्ञेने मार्सेयच्या साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज दुसरे तेल घालायला बंदी झाली, ती याच कढयांसाठी. इंग्लंडात साबणावर अठराव्या शतकाच्या आरंभापासून १८५३ पर्यंत कर होता आणि चोरून साबण उकळू नये म्हणून कर अधिकारी रात्री कढयांच्या झाकणांना कुलपे ठोकीत. कुलूप कढईला लावता येते, कारण साबण कढईतच होत असे.

घरी साबण करणाऱ्या आज्या खरोखर होत्या, पण त्या अमेरिकेतल्या वसाहतींच्या. वर्षभराची चुलीतली राख पिंपात साठवायची, वरून पावसाचे पाणी सोडायचे, खालून झिरपणारे तपकिरी पाणी धरायचे. त्यात अंडे टाकून बघायचे. ठरावीक भाग वर दिसेल इतके तरंगले तर खार पुरेसा. मग जनावरांची चरबी घालून अंगणात दिवसभर ढवळायचे. हाती यायचा तो मऊ, बुळबुळीत, मडक्यातून हाताने काढायचा साबण. त्यात फुले घालण्याचे कोणाला सुचले नाही, हे वेगळे सांगायला नको. ही खरी घरगुती पद्धत. आणि ती आगीवरची होती.

थंड साबणाला तीन गोष्टी हव्या होत्या. तिन्ही एकोणिसाव्या शतकाने दिल्या आणि तिन्ही कारखान्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या आहेत.

पहिली गोष्ट शुद्ध, एकसारखा खार. निकोला लब्लां या फ्रेंच वैद्याने साध्या मिठापासून सोडा बनवण्याची कृती शोधून १७९१ मध्ये तिचे एकाधिकारपत्र मिळवले. क्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना सरकारजमा झाला, कृती उघड झाली आणि १८०६ मध्ये त्या माणसाने आत्महत्या केली. त्याच्या कृतीने मात्र इंग्लंडात गावेच्या गावे आम्लाच्या धुराने काळवंडून टाकली आणि साबण स्वस्त केला. पुढे सॉल्व्हेची पद्धत आली आणि शतकाच्या अखेरीस मिठाच्या पाण्यातून वीज सोडून थेट कॉस्टिक मिळू लागला. आज घरी साबण करणारे जो शुभ्र चुरा वापरतात तो मिठागर आणि वीज यांचे अपत्य आहे.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. मिशेल शेव्हरल याने तेल आणि चरबी यांची घटना उलगडून १८२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. साबण होताना नेमके काय होते, हे माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळले, म्हणजे साबण करायला लागल्यानंतर हजारो वर्षांनी. (हा गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगला.) १८७९ मध्ये कोटस्टोर्फर याने कोणत्या तेलाला किती खार लागतो हे मोजण्याची रीत दिली. माझे ८७ ग्रॅम तिथून आले आहेत. अंडे तरंगवण्याची गरज संपली.

तिसरी गोष्ट आपल्या किनाऱ्यावरची. ऑलिव्ह तेल आणि चरबी थंड स्थितीत खाराशी फार सावकाश जुळतात. खोबरेल तीव्र खाराशी कमी उष्णतेतही झटकन जुळते, कडक वडी देते आणि फेसही भरपूर. युरोपात ते मोठ्या प्रमाणावर पोचले एकोणिसाव्या शतकात, मलबार आणि सिलोनकडून. आणि उत्तम प्रतीच्या खोबरेलाला तिकडच्या बाजारात नावच 'कोचीन' असे पडले. थंड पद्धत रूढ झाली ती या तेलाच्या आधाराने. लहान भांडवलाच्या माणसाला ती सोयीची होती, कारण कढई नको, कोळसा नको, ग्लिसरीन वेगळे काढण्याची यंत्रणा नको. ग्लिसरीन वडीतच राहते आणि कातडीला बरे वाटते. मोठ्या कारखान्यांना ते वेगळे हवे असे, कारण १८६७ नंतर डायनामाइटसाठी त्याला साबणाहून चांगला भाव होता. पहिल्या महायुद्धात तर ते तोफगोळ्यांकडेच जात होते.

म्हणजे जी पद्धत आज सर्वांत जुनी म्हणून विकली जाते ती साबणाच्या इतिहासात जवळजवळ सर्वांत नवी आहे. तिच्याइतके काट्यावर आणि कारखान्यातल्या खारावर अवलंबून असणारे दुसरे घरगुती काम मला तरी आठवत नाही.

हिंदुस्थानात कारखान्याचा साबण आला तो पेट्यांतून. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात सनलाइटच्या वड्यांच्या पेट्या उतरल्या. त्यांवर त्या इंग्लंडात लिव्हर बंधूंनी बनवल्याचे छापलेले होते. स्वदेशीच्या चळवळीत साबण बहिष्कृत मालाच्या यादीत येणे साहजिक होते. त्यात चरबीचा प्रश्न होता. विलायती साबणात कोणत्या जनावराची चरबी आहे हे कळायला मार्ग नव्हता आणि १८५७ ची काडतुसे अजून लोकांच्या आठवणीत होती. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास केवळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तो या पार्श्वभूमीवर. वनस्पती तेलाचा जगातला पहिला साबण, असे त्याचे वर्णन पुष्कळदा केले जाते. नाब्लुस आणि मार्सेयची शतकानुशतकांची परंपरा पाहता ते मान्य करता येत नाही, आणि अर्देशीरांचे मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही. कुलपे करणारा हा कारागीर साबणाकडे वळला तो देशी मालाच्या निष्ठेने. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले होते. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानात महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली. पडून राहिलेल्या लाकडाचे तेल काढायचे ठरले आणि त्या तेलाचा साबण निघाला. दिवाण विश्वेश्वरय्यांच्या काळातली ही गोष्ट. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा ऑइल मिल्सने कोचीनला खोबरे गाळण्याचा कारखाना घातला. आपल्याकडे पुढे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीशी जोडला गेलेला मोती साबण याच कंपनीचा.

तेल देशी झाले, सुगंध देशी झाला, भांडवल देशी झाले. खार मात्र बराच काळ प्रामुख्याने विलायतीच राहिला. कॉस्टिकचे पिंप इंग्लंडातून येत असे. स्वदेशी वडीचा सात-आठवा हिस्सा असा बोटीतून आलेला होता. जाहिरातींत याचा उच्चार नसे. आजच्या पट्टीवर तो नसतो, त्याच्याशी हे किती जुळते पाहा.

ही अडचण ज्यांनी सरळ पाहिली ते लोक वर्ध्याचे होते. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हातकागद यांच्या बरोबरीने साबणही तिथे हाताळला गेला. आणि तिथे प्रश्न असा होता: खेड्यातली बाई साबण बनवील, पण कॉस्टिक कुठला आणील? तो बाजारातून आणायचा तर हा ग्रामोद्योग कसला? म्हणून सज्जी मातीतला खार काढून त्यावर साबण करण्याचे प्रयोग झाले. अखाद्य तेलांवर, म्हणजे कडुनिंब, करंज यांच्यावर भर दिला गेला. खाण्याचे तेल साबणात घालू नये, हा तोच जुना घरगुती हिशेब आता अर्थशास्त्र म्हणून मांडला गेला.

सज्जीवरचा साबण बाजारात टिकला नाही. कारण वर येऊन गेले आहे. सज्जीची तीव्रता ठरलेली नाही, म्हणून उकळी आली. उकळीला सरपण आले. आणि इतके करून वडी कारखान्याच्या वडीसारखी होत नाही. मला हा पराभव नुसता तांत्रिक वाटत नाही. खार आपल्या हातात हवा की साबण सोपा हवा, यांतून निवड करायची होती आणि ती लोकांनी केली. १९३९ मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धात आयात खारावर अवलंबून राहण्याचे चटके बसले, स्वातंत्र्यानंतर कॉस्टिक देशातच भरपूर होऊ लागला. मग खादी ग्रामोद्योग आयोगाच्या अखाद्य तेल आणि साबण विभागाने जो निंबाचा साबण घरोघरी पोचवला, त्यातला निंब गावातला आणि कॉस्टिक कारखान्यातला, अशी तडजोड झाली. मराठीत नागपूरच्या 'उद्यम'सारख्या मासिकांनी छोट्या उद्योगांच्या कृती घराघरांत नेल्या. 'घरी साबण बनवा' हे वाक्य आपल्याकडे अर्थपूर्ण झाले ते या काळात. प्रदर्शनातल्या टेबलाची खरी पूर्वज ही पिढी आहे. आजी म्हणायचेच असेल तर हिला म्हणावे.

यात लोणारचे काय झाले? क्षार गोळा करण्याचा व्यवसाय संपला. सरोवर आता अभयारण्य आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्यांचे लक्ष पुन्हा तिकडे गेले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले.

गेल्या दिवाळीत अशाच एका टेबलाशी थांबलो होतो. वड्या झेंडूच्या आणि हळदीच्या. हळद लालसरपणा सोडून मुरलेल्या केशरी रंगावर आली होती, म्हणजे वडीने आपले सहा आठवडे पुरे केले होते. कॉस्टिक कुठून आणता, असे विचारल्यावर ताईंनी काही आढेवेढे घेतले नाहीत. बोहरी आळीतून, म्हणाल्या, आणि टेबलाखालून एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काढून दाखवला. प्रत्येक तेलाचा वेगळा हिशेब त्यांनी वहीत लिहून ठेवला होता. मी म्हटले, "मग पट्टीवर हेच का नाही लिहीत? खोबरेल, तीळ, कॉस्टिक, झेंडू, आणि ग्रॅमपर्यंत मोजून केलेला, असं."

त्या हसल्या. "काका, कॉस्टिक लिहिलं तर वड्या माझ्याकडेच राहतील," म्हणाल्या, आणि मी निवडलेल्या दोन वड्या कागदात गुंडाळू लागल्या.